सिटी बसची तूट घरपट्टीतून भरली जाते का? सभेत उत्तर द्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे (गंगापूर रोड, नाशिक). मागच्या सभेत घरपट्टीचा विषय निघाला तेव्हा एक काका तावातावाने म्हणाले, "बसने आपल्यातलं कोण जातं? मग तिचा तोटा आपल्या घरपट्टीतून कशाला?" कुणीच काही बोललं नाही. मीही गप्प बसले, आणि ते अजून मनाला लागून आहे. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई म्हसरूळहून निमाणीला येतात आणि तिथून दुसरी बस धरतात. काकांच्या घरीही त्याच जातात. पावसात भिजू नये म्हणून पास दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून ठेवतात.

घरी येऊन घरपट्टीचं बिल काढलं. सामान्य कर, मलप्रवाह, अग्निशमन, वृक्ष, शिक्षण... बोट फिरवत शेवटपर्यंत गेले, बसची ओळ कुठेच नाही.

मला कळलंय ते एवढं: पूर्वी शहर बस एसटी चालवायची, तोटा परवडेना म्हणून तिने हात काढून घेतला. ८ जुलै २०२१ ला महापालिकेची सिटीलिंक बससेवा सुरू झाली. बसगाड्या ठेकेदारांच्या, त्यांना किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. तिकिटाचे पैसे महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे जातात. त्यामुळे बस भरून गेली काय किंवा रिकामी गेली काय, किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. कमी पडतं ते महापालिका घालते.

मग काकांचं म्हणणं खरं धरायचं का? आणि बिलात 'परिवहन कर' अशी वेगळी ओळ आली तर बसचा पैसा दर वर्षी ठरलेला राहील, असं मला वाटतं. महापालिकेला तसं करता येतं का? शिवाय बस त्र्यंबक, सिन्नरलाही जाते. तिथले लोक नाशिकची घरपट्टी भरत नाहीत, हा मुद्दा सभेत नक्की निघणार.

प्रतिसाद १

ताई, काकांचं गणित अर्धंच आहे. महापालिकेची तिजोरी एकट्या घरपट्टीवर चालत नाही. आधी जकात होती, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, आणि २०१७ पासून जीएसटीपोटी राज्याकडून भरपाई येते. उत्पन्नातला सगळ्यात मोठा वाटा तोच आहे. तुमच्या पोळीवाल्या ताई साबण घेतात, चप्पल घेतात, मोबाइलचं रिचार्ज मारतात, त्या प्रत्येकावर जीएसटी भरतात. भाड्याच्या खोलीत राहत असतील तर घरमालकाची घरपट्टीही भाड्यातूनच वसूल होते. त्र्यंबक-सिन्नरच्या लोकांनाही हेच उत्तर लागू पडतं, शिवाय ते नाशिकच्या बाजारात येऊन खरेदी करतात.

प्रतिसाद २

वेगळ्या कराबद्दल: महापालिका अधिनियमाच्या कलम १२७ मध्ये कोणते कर लावता येतात ते दिलंय. नवा कर आणायचा तर राज्य सरकारची मंजुरी लागते. मोटारगाड्यांवरचा कर आरटीओमार्फत राज्य घेतं. व्यवसाय करही राज्याचाच, तोही वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. पॅरिस परिसरात १९७१ पासून कंपन्यांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतात आणि तो वाहतुकीवरच खर्च करतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांचे कामगार बसने येतात, तेव्हा हा विचार आपल्याकडेही व्हायला हवा. पण ते राज्याच्या हातात आहे. घरपट्टीत आणखी एक ओळ वाढवायला मात्र माझा विरोध आहे. आधीच बिल बघून लोक बसवर राग काढतात, मग तर नावानिशी काढतील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वेगळ्या ओळीचा आग्रह सोडते, पटलं. ताईंना आज विचारलं, त्या भाड्यानेच राहतात. सभेत हेच सांगणार, काकांच्या समोर. महापालिकेच्या यंदाच्या अंदाजपत्रकाची प्रत कुणाकडे असेल तर परिवहन महामंडळाला दिलेल्या रकमेच्या पानाचा फोटो इथे टाकाल का? सभा सकाळी साडेदहाला आहे, शनिवार रात्रीपर्यंत मिळाला तरी चालेल.