मदत हवी आहे: मोसंबीच्या रसातील मॅलिक व ॲस्कॉर्बिक आम्ल एचपीएलसीवर वेगळी होत नाहीत

जालना भागातील मोसंबीच्या रसातील सेंद्रिय आम्ले आम्ही महाविद्यालयात एचपीएलसीवर (द्रवातील घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजत आहोत. सी-१८ कॉलम (जलविरोधी सच्छिद्र कणांनी भरलेली नळी; २५० × ४.६ मिमी, कण ५ मायक्रॉन), मोबाइल फेज म्हणजे कॉलममधून वाहणारे द्रावण २५ मिलिमोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, पीएच २.५, प्रवाह मिनिटाला ०.८ मिली आणि २१० नॅनोमीटरवर यूव्ही मोजणी अशी मांडणी आहे. सायट्रिकचा पीक (आलेखातील शिखर) स्वच्छ येतो. मात्र मॅलिक आणि ॲस्कॉर्बिकचे पीक एकमेकांवर चढतात, आणि रात्री पंप बंद ठेवला की दुसऱ्या दिवशी सगळेच पीक लवकर बाहेर पडतात.

रस सेंट्रीफ्यूज करून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला, विरळ केला, प्रवाह ०.५ पर्यंत उतरवला, पीएच २.८ करून पाहिला, फरक नगण्य. शुद्ध स्टँडर्डच्या मिश्रणातही हेच घडते, त्यामुळे दोष रसाचा नसावा. फॉस्फेटचे क्षार पंपात बसतील या धास्तीने मिथेनॉल अजून घातलेले नाही (२-३ टक्क्यांना ती अनाठायी असेलही). नवीन कॉलमसाठी निधी नाही आणि यूव्ही डिटेक्टर एका वेळी एकच तरंगलांबी दाखवतो.

पूर्णपणे जलीय मोबाइल फेजमुळे सी-१८च्या छिद्रांतून पाणी बाहेर पडत असल्याची ही लक्षणे आहेत का? तसे असल्यास थोडे मिथेनॉल घालून मॅलिक सुटे होईल, की मॅलिक जवळजवळ न दिसणाऱ्या २५४ नॅनोमीटरवर ॲस्कॉर्बिक स्वतंत्रपणे मोजून २१०वरील एकत्रित पीकच्या क्षेत्रफळातून ॲस्कॉर्बिकचा वाटा वजा करणे अधिक विश्वासार्ह ठरेल?