घरगुती प्रार्थनेत एकमेकांना खरं विचारायचं कसं?

नगरी_भाऊ:
सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीतली सात-आठ घरं मिळून दर शुक्रवारी रात्री आळीपाळीने एकेकाकडे प्रार्थना असते, दोन गीतं, एक वचन, मग प्रार्थनेचे विषय म्हणजे कुणाचा गुडघा, कुणाच्या पोराची नोकरी, आणि मग चहा-पोहे. बरं वाटतं जाऊन. पण बायबलमधलं इब्री १२:१४ वाचल्यापासून मनातून जात नाहीये, पवित्रतेच्या मागे लागा हे पूर्ण मंडळीला सांगितलंय आणि आम्ही मिळून त्यासाठी काहीच करत नाही. एक भाऊ परत दारूला लागलाय, सगळ्यांना माहितीये, पाठीमागे बोलणं चालतं पण तोंडावर विचारत कुणी नाही. विषय काढला तर एक ज्येष्ठ म्हणाले, मागे एका बाईने मन मोकळं केलं आणि रविवारच्या उपासनेआधी ते सगळ्या कंपाऊंडभर झालं होतं, तेव्हापासून सगळे गप्प. त्यांचंही बरोबरच आहे. तुमच्याकडे असं काही चालत असेल तर सांगा, सुरुवात कुठून करायची?

पुणे_मेथडिस्ट:
भाऊ सलाम. आमची मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांचं बघा. १७४२ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला त्यांच्या सभागृहावर कर्ज होतं, तेव्हा एकाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची आणि बारा-बारा जणांमागे एकाने ती गोळा करायची. पैसे गोळा करायला घरोघर गेल्यावर कळलं की कोण बायकोशी भांडतोय, कोण पिऊन पडलाय, आणि वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच! मग तेच गट दर आठवड्याला एकत्र बसायला लागले आणि प्रत्येकाला विचारलं जायचं की तुझा जीव कसा आहे. त्याच्याही आधी, १७३८ पासून, त्यांचे आणखी छोटे गट होते, पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, आणि तिथला एक नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आधी एकाने स्वतःची अवस्था सांगायची आणि मगच दुसऱ्यांना विचारायचं. आमच्यात आम्ही चौघं असेच बसतो. आठ घरं एकत्र बसवून हे होणार नाही, तीन-चार जण निवडा आणि पहिलं तोंड तुम्ही उघडा.

महिलामंडळ_ताई:
मोठ्या ग्रुपमध्ये नको हे अगदी पटलं. आणि गोष्टी फुटतात कुठून ते सांगते, चुगलीतून कमी आणि "अमकीसाठी प्रार्थना करा हं, तिच्या घरी जरा..." यातून जास्त. म्हणून आमच्या पाच जणींचा नियम आहे की जिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा बाहेर न्यायची नाही, नवऱ्यालाही सांगायची नाही. फक्त घरात मारहाण असेल किंवा लेकराच्या जिवाचा प्रश्न असेल तर गप्प बसायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी बोलून घ्या.
आमच्यातल्या दोघी सख्ख्या जावा, बांधावरून बोलणं बंद, पण प्रभूभोजनाला एकाच रांगेत. एकीने त्यांना मत्तय ५:२३-२४, म्हणजे आधी भावाशी समेट कर आणि मग अर्पण कर, ते वाचून दाखवलं आणि विचारलं, बायांनो, उद्या भाकर घेणार का? मोठी उठून गेली. रात्री धाकटीच्या दारात जाऊन उभी राहिली, म्हणाली बांधाचं कोर्टात काय व्हायचं ते होऊ दे, तू माझ्याशी बोल. बांधाची केस अजून चालूच आहे, पण डबा या घरातून त्या घरात जातो.
केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन, म्हणजे मोठी आत्मिक जागृती, झालं त्याच्या आधी पंडिता रमाबाई मुलींना रोज प्रार्थनेला बसवत होत्या हे विसरू नका. एका शुक्रवारात काही होत नाही.

वसईकर:
मी कॅथलिक, त्यामुळे थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. पाप सांगायला आमच्याकडे प्रायश्चित्त संस्कार आहे आणि फादर ते मेले तरी बाहेर बोलत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्यांच्या गटात प्रत्येकाने आतलं सगळं काढावं असं मला वाटत नाही, सगळ्यांना ते झेपतही नाही. पण पवित्रता फक्त फादर-सिस्टरांसाठी नाही, सगळ्यांनाच तिचं बोलावणं आहे हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट म्हटलंय, आणि ती मिळून जगायची तर मिळून काहीतरी करावं लागतं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या आळीतली घरं जेवणातलं वाचवलेलं एका डब्यात टाकतात आणि ते कुणाला द्यायचं हे बसून ठरवतात. तिथे पैशांवरून माणूस कसा आहे ते बरोबर कळतं, स्वतःबद्दलही कळतं. तुमच्या त्या भावाला ग्रुपमध्ये उभं करू नका, त्याला कामाला सोबत न्या.

पुणे_मेथडिस्ट:
@वसईकर डब्याचं आवडलं, खरंच. पण याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ कबूल करा असंच आहे, ते मी सोडणार नाही.

नगरी_भाऊ:
मनापासून आभार सगळ्यांचे. मत्तय १८:१५ प्रमाणे आधी मी एकटाच त्या भावाकडे जातो, आणि माझ्या रागाचं जे आहे ते त्याला आधी सांगतो. ग्रुपचं त्यानंतर बघू, दोघांशी बोललोय, एक हो म्हणालाय. ताई, तो परवानगीचा नियम पाळकसाहेबांनाही लागू ठेवता का तुम्ही?

महिलामंडळ_ताई:
हो भाऊ, त्यांनाही. आणि हे त्यांनीच सुचवलं.