दंड असलेल्या भिंगाकार दीर्घिका: थोडी भर

भिंगाकार दीर्घिका म्हणजे तबकडी असलेल्या पण सर्पिल भुजा नसलेल्या दीर्घिका; काहींच्या मध्यातून ताऱ्यांचा लांबट पट्टा जातो, तोच दंड. वायू संपल्यामुळे या दीर्घिकांत अभ्यासण्यासारखं फारसं उरत नाही, असं म्हटलं जातं. मला उलट वाटतं. धूळ जवळपास नाही, नवे तारे फारसे जन्मत नाहीत, म्हणूनच मधला दंड किती वेगाने फिरतोय हे इथे थेट मोजता येतं. ट्रेमेन आणि वाइनबर्ग या खगोलशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये त्याची पद्धत मांडली: ताऱ्यांचा प्रकाश आणि दृष्टिरेषेतला (आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा) वेग, एवढ्यावर भागतं. तिमिंगल तारकासमूहातल्या एनजीसी ९३६ या दीर्घिकेचा दंड असाच मोजला, आणि तो चांगलाच वेगवान निघाला! आतल्या भागात कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य) दाट असतं तर त्याच्या ओढीने दंड मंदावायला हवा होता.

वायू गेला कसा, ते मात्र प्रत्येकीचं वेगळं. कुठे दीर्घिकासमूहातल्या तप्त वायूने तो ओरबाडला, कुठे दंडानेच केंद्राकडे ढकलला.