रूट कॅनल केलेल्या दातावर लाइटचं व्हाइटनिंग: फायदा किती, धोका कुठे?

प्रश्न
वरचा समोरचा मधला दात, रूट कॅनल होऊन सहा वर्षं झालेली. एक्सरेत भरणी मुळाच्या टोकापर्यंत नीट आहे, टोकाशी काही दिसत नाही. रंग मात्र राखाडी, मानेपाशी (हिरडीजवळ) जास्तच गडद. पेशंटला पुढचे सगळे दात एका बैठकीत लाइटने पांढरे करून हवेत: ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, एलईडी, १५ मिनिटांच्या तीन फेऱ्या. या दाताला नस नाही, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा प्रश्न नाही. मग त्यावर जेल जास्त वेळ ठेवून लाइट जवळ आणला तर तो बाकीच्यांच्या रंगाला येईल का? आतल्या गटापर्च्याला (मुळात भरलेल्या रबरासारख्या पदार्थाला) काही होतं का?

उत्तर १
लाइट जवळ आणू नका. जिवंत दात तापला की दुखून सांगतो. हा सांगणार नाही, आणि उष्णता मुळाभोवतीच्या लिगामेंटला (दात हाडाशी बांधणाऱ्या तंतूंना) आणि हाडाला लागेल. हाड ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं तरी त्याला इजा होते. एलईडी हॅलोजन किंवा डायोड लेझरपेक्षा कमी तापतो हे खरं, पण अंतर कमी केलं की ती सवलत संपते.

शिवाय हा रंग बाहेरून लागलेला नाही. रक्तातलं लोह डेंटिनच्या (दाताच्या आतल्या थराच्या) नलिकांत उतरलेलं असतं, पल्पच्या (नसेच्या) शिंगांत, म्हणजे वरच्या कोपऱ्यांत, उती राहिलेली असते, किंवा चेंबरमध्ये (दाताच्या वरच्या भागातल्या पोकळीत) सीलर, म्हणजे गटापर्चा बसवायचं सिमेंट, तसाच सोडलेला असतो. लाइटमुळे लगेच दिसणारा पांढरेपणा बराचसा दात सुकल्यामुळे असतो. दात पुन्हा ओला होतो तसा काही दिवसांत तो उतरतो. म्हणून शेड (रंगाची छटा) दात सुकण्याआधी घ्या आणि तुलना दोन आठवड्यांनी करा. सगळ्यांवर एकदम जेल लावलं तर शेजारचे उजळतील, हा मागे राहील आणि फरक आधीपेक्षा जास्त डोळ्यांत भरेल.

गटापर्च्याला जेलने काही होत नाही. मागच्या बाजूची, रूट कॅनलसाठी पाडलेल्या छिद्रावरची भरणी कडेने गळतेय का ते मात्र आधी बघा. गळत असेल तर ब्लीचिंगचा विचारच नको, आधी ती बदला.

उत्तर २
रंग आत असेल तर औषधही आतच घालायचं. यात सगळ्यात महत्त्वाचं काम बॅरियरचं (औषध बाहेर झिरपू नये म्हणून गटापर्च्यावर बसवायच्या थराचं) आहे आणि नेमकी तिथेच घाई होते.

दाताच्या धारेपासून हिरडी जिथे चिकटते तिथपर्यंतचं अंतर प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) बाहेरून तीन जागी मोजा: ओठाकडून, मेझियल (मधल्या रेषेकडची बाजू), डिस्टल (तिच्या उलट बाजू). समजा १२, ९ आणि ९.५ मिमी आलं. प्रत्येकातून १ वजा करा: ११, ८, ८.५. आतल्या बॅरियरची धारेकडची कड या आकड्यांवर यायला हवी. गटापर्चा धारेपासून १४ मिमीपर्यंत काढा, मग बॅरियरला सगळीकडे २ मिमीपेक्षा जास्त जाडी मिळते. भरायला ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारं सिमेंट). बॅरियर सपाट करू नका. सगळीकडे ११ वर ठेवलात तर दोन्ही बाजू उघड्या राहतात आणि पेरॉक्साइड तिथून बाहेर झिरपतं. सगळीकडे ८ वर ठेवलात तर ओठाकडची मान झाकली जाते आणि जिथे रंग सर्वांत गडद तिथेच औषध पोचत नाही.

रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावून पल्पची शिंगं आणि उरलेला सीलर साफ करा. सोडियम परबोरेट (ब्लीचिंगची पावडर) डिस्टिल्ड वॉटरमध्ये ओल्या वाळूइतकं घट्ट कालवून चेंबरमध्ये भरा, वरचं पाणी कापसाने टिपा, वर तात्पुरती भरणी. ३ ते ७ दिवसांनी बदला. साधारण दोन ते चार वेळा पुरतं. जुन्या अमाल्गमने आलेला काळपटपणा याने फारसा जात नाही, हे पेशंटला आधीच सांगा.

प्रश्नकर्ता
तात्पुरती भरणी दोन-तीन दिवसांत वर उचलली जाते, ती कशाने? आणि परबोरेट पाण्याऐवजी ३० टक्के पेरॉक्साइडमध्ये कालवलं तर लवकर होईल ना?

उत्तर २
परबोरेटमधून ऑक्सिजन सुटतो, त्याचा दाब वर येतो. भरणी ३ मिमीपेक्षा पातळ असेल किंवा कडांना पेस्टचा लेप राहिला असेल तर ती उचलली जाणारच. पेस्ट कमी भरा आणि कडा एक्स्कॅव्हेटरने (खरवडायच्या हत्याराने) कोरड्या, स्वच्छ करून घ्या. भरणी निघाली तर त्याच दिवशी यायला सांगा. लाळ आत जायला नको.

उत्तर ३
पेरॉक्साइडबद्दल मी सांगतो. चेंबरमध्ये ३० टक्के पेरॉक्साइड घालून वरून उष्णता द्यायची जुनी पद्धत होती. हॅरिंग्टन आणि नॅटकिन या दंतवैद्यांनी १९७९ मध्ये ब्लीच केलेल्या मृत दातांच्या मानेपाशी बाहेरून मूळ झिजल्याच्या केसेस मांडल्या, तेव्हापासून या पद्धतीबद्दलची सावधगिरी वाढली. सुमारे दहातल्या एका दातात इनॅमल (वरचं कवच) आणि सिमेंटम (मुळावरचा थर) एकमेकांना भेटतच नाहीत, मध्ये डेंटिन उघडं असतं. झिरपायला तेवढी वाट पुरते. लहान वयात मार बसलेल्या दातात धोका आणखी जास्त, म्हणून तो इतिहास नक्की विचारा. चार दिवस वाचवण्यासाठी हे करू नका, पाणीच वापरा. याच कारणामुळे चेंबर उघडा ठेवून बाहेरून लाइट मारण्यालाही माझा ठाम विरोध आहे.

ही झीज दुखत नाही. एक्सरे सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी घ्या. प्रोबला मानेपाशी रक्त आलं किंवा गुलाबी ठिपका दिसला तर वाट न बघता सीबीसीटी (त्रिमितीय एक्सरे).

कंपोझिट (दाताच्या रंगाची कायमची भरणी) लगेच भरू नका. डेंटिनमध्ये उरलेला ऑक्सिजन बाँडिंग (भरणी दाताला चिकटणं) नीट पक्कं होऊ देत नाही. चेंबरमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून दोन आठवडे थांबा. शेजारचे दात उजळायचे असतील तर ते मी आधी करेन, घरच्या ट्रेमध्ये १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडने. त्यांचा रंग स्थिरावला की हा दात आतून उजळत न्यायचा आणि जुळला तिथे थांबायचं.