नेटवर्क शेअरवर बॅकअप जात नाही, ॲक्सेस डिनाइड येतंय, पण फोल्डर तर मला उघडतोय

रात्रपाळी:
मंडळी, जरा मदत करा. एका सर्व्हरवर एस्क्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) आहे आणि बॅकअप ठेवायला वेगळा फाइल सर्व्हर, दोन्ही एकाच डोमेनमधे. लोकल डिस्कवर बॅकअप नीट होतो पण फाइल सर्व्हरवरच्या शेअरचा (नेटवर्कवरून उघडणाऱ्या फोल्डरचा) पाथ दिला की एरर ३२०१, कॅनॉट ओपन बॅकअप डिव्हाइस, आणि पुढे ऑपरेटिंग सिस्टीम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड. आता गंमत बघा, त्याच मशीनवर मी लॉगिन करून तोच शेअर एक्सप्लोररमधे उघडला तर उघडतो, फाइल बनवता येते, डिलीट पण होते. मग झेड ड्राइव्ह मॅप करून बघितला तर एरर ३ आला, म्हणे पाथच सापडत नाही. एसए (एस्क्यूएल सर्व्हरचं ॲडमिन) लॉगिनने पण तेच. डेटा महत्त्वाचा आहे आणि सध्या बॅकअप त्याच मशीनच्या डिस्कवर पडून आहेत, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

जुना_डीबीए:
तुम्हाला फोल्डर उघडतोय याचा इथे काही उपयोग नाही, कारण बॅकअपची फाइल तुम्ही लिहीत नाही, एस्क्यूएल सर्व्हरची सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्राम) लिहिते. विंडोज लॉगिनने या नाहीतर एसएने या, शेअरवर जाताना सर्व्हिसचंच अकाउंट जातं. मॅप केलेला ड्राइव्ह तुमच्या सेशनपुरता असतो, सर्व्हिसला तो दिसतच नाही, म्हणून एरर ३. तो नाद सोडा आणि पूर्ण नेटवर्क पाथच वापरा.

एस्क्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडून लॉग ऑन ॲज कॉलममधे काय आहे ते बघा. तिथे एनटी सर्व्हिस\एमएसएसक्यूएलसर्व्हर असं असेल तर ते व्हर्च्युअल अकाउंट (सर्व्हिससाठी आपोआप बनलेलं, बिनपासवर्डचं) आहे, नेटवर्कवर ते मशीनच्या नावाने ओळखलं जातं, म्हणजे डोमेन\सर्व्हरचंनाव आणि शेवटी डॉलरचं चिन्ह. त्या नावाला परमिशन द्या. शोधताना ऑब्जेक्ट टाइप्समधे कॉम्प्युटर्सवर टिक करा, नाहीतर नाव सापडणारच नाही आणि तुम्ही उगाच स्पेलिंग तपासत बसाल. परमिशन शेअरवर पण आणि एनटीएफएसवर (डिस्कवरच्या फोल्डरवर) पण, दोन्हींत जी कडक असेल तीच लागू होते.

गाठ_सोडवा:
वरचं बरोबर आहे, फक्त एक सांगतो, घाईत एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन मोकळे होऊ नका प्लीज. नेटवर्कमधलं कुठलंही एक मशीन रॅन्समवेअरच्या तावडीत सापडलं की बॅकअप पण त्याच्याबरोबर जातात, आणि बॅकअप ठेवतो कशासाठी तर नेमकं त्याच दिवसासाठी. जमत असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरा, त्याचा पासवर्ड डोमेन स्वतःच बदलतं, डीफॉल्टला दर ३० दिवसांनी, कुणाला लक्षात ठेवावा लागत नाही. आणि अकाउंट बदलायचं ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच, विंडोजच्या सर्व्हिसेसमधून नको, लागणाऱ्या बाकीच्या परमिशन तिथून लागत नाहीत.

रात्रपाळी:
व्हर्च्युअल अकाउंटच निघालं! मशीनच्या नावाला दोन्हीकडे परमिशन दिली आणि छोटा डेटाबेस लगेच गेला, खूप आभार. पण मोठा डेटाबेस अर्ध्यात थांबतो, आता एरर ६४ येतोय. ही पण परमिशनच का?

जुना_डीबीए:
नाही, ६४ म्हणजे द स्पेसिफाइड नेटवर्क नेम इज नो लाँगर अव्हेलेबल, म्हणजे लिहिता लिहिता कनेक्शन तुटलं. परमिशनला आता हात लावू नका. त्याच वेळेला फाइल सर्व्हरच्या इव्हेंट लॉगमधे काय दिसतं, अँटीव्हायरस ती मोठी फाइल स्कॅन करत बसतो का, नेटवर्क कार्डचा ड्रायव्हर जुना आहे का, हे बघा. बॅकअपला कॉम्प्रेशन लावा, वायरवरून कमी डेटा जाईल. तरी तुटत असेल तर मी सरळ लोकल डिस्कवर बॅकअप घेऊन मग रोबोकॉपीने (विंडोजची फाइल कॉपी करायची कमांड) झेड स्विच लावून हलवतो, मधे तुटलं तर तिथूनच पुढे सुरू होतं.

गाठ_सोडवा:
रोबोकॉपी एजंट जॉबमधे (एजंट म्हणजे एस्क्यूएल सर्व्हरची ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हिस) टाकणार असाल तर सावध, कमांडची स्टेप एजंट सर्व्हिसच्या अकाउंटने चालते (प्रॉक्सी, म्हणजे त्या स्टेपसाठी वेगळं अकाउंट, लावला नसेल तर), डेटाबेस इंजिनच्या सर्व्हिसच्या नाही. एजंट पण व्हर्च्युअल अकाउंटवर असेल तर नेटवर्कवर मशीनचंच नाव जातं म्हणून तुमचं चालेल, पण उद्या एजंटला वेगळं डोमेन अकाउंट दिलंत की तोच एरर ५ पुन्हा येणार.

अजून एक, बॅकअप विथ चेकसम (डेटा खराब झालाय का ते तपासणारा पर्याय) घ्या आणि कधीतरी दुसऱ्या सर्व्हरवर खरोखर रिस्टोअर करून बघा, नुसतं व्हेरिफायओन्ली (रिस्टोअर न करता बॅकअप फाइल तपासणं) पुरत नाही. तिथे रिस्टोअर झाल्यावर ॲप्लिकेशनचं लॉगिन चालणार नाही बहुतेक, कारण लॉगिन मास्टर डेटाबेसमधे असतात, तुमच्या बॅकअपमधे फक्त युजर येतो आणि त्याचा एसआयडी (ओळख क्रमांक) तिथल्या लॉगिनशी जुळत नाही. आल्टर युजर विथ लॉगिन ही कमांड चालवली की जुळतं.

रात्रपाळी:
कॉम्प्रेशन लावून मोठा पण पूर्ण गेला. अँटीव्हायरसमधे तो फोल्डर वगळायला सांगितलंय. आता दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर लावतो, लॉगिनचं काय होतं ते इथेच टाकतो.