मदत हवी आहे: मुंबई–नेवार्क थेट विमान, आई एकटी जाणार आहे, वेळेचा हिशेब तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी. आम्ही पंचवटीत राहतो. ताई अमेरिकेत, नेवार्कजवळ एडिसनला असते, तिला आठवा लागलाय, म्हणून आई बाळंतपणाला जाणार आहे. आईचं वय ७१. विमानात पहिल्यांदाच बसणार, तेही एकटी. ताईला या दिवसांत सारखं विचारून त्रास द्यायचा नाही, म्हणून इथे विचारतोय.

तिकिटावर १८ तारखेला रात्री १.३० ला मुंबई, आणि १८ लाच सकाळी ८ ला नेवार्क असं आहे. आई म्हणाली, "मग साडेसहाच तास की! नागपूरला रेल्वेने जायला याहून जास्त लागतात." मी समजावलं की तिकडची घड्याळं सध्या साडेनऊ तास मागे आहेत (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेदहा). तिकडे सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५.३०. म्हणजे प्रवास १६ तासांचा. बरोबर ना?

अंतर साधारण १२,५०० किमी. ताशी ९०० ने धरलं तरी १४ तासच होतात. म्हणून काल पृथ्वीचा गोल काढला. हाराच्या दोऱ्याचं एक टोक आईने मुंबईवर अंगठ्याने दाबून धरलं, दुसरं मी नेवार्कशेजारच्या न्यूयॉर्कपर्यंत ताणलं. दोरा सरळ पश्चिमेला गेलाच नाही. पाकिस्तान, रशिया, नॉर्वे करत वर चढला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला. पण पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे वळसा पडतो. शिवाय जाताना वारा समोरून असतो. अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगा, प्रत्यक्षात किती तास लागले?

खरी काळजी गोळीची आहे. बीपीची गोळी ती रोज सकाळी ७ ला घेते. १८ ची विमानातच येईल, पण १९ ची कधी? आपले सकाळचे ७ म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे ९.३०. बसून बसून तिचे पायही सुजतात.

आणि नाशिकहून किती वाजता निघावं? गाडीवाला म्हणतो, संध्याकाळी ६ ला निघालं तरी चालेल.

प्रतिसाद

दादा, आधी तारीख बघा. रात्री १.३० म्हणजे १७ लाच घर सोडायचं. आमच्या ओळखीत एकांचं विमान याच घोळात चुकलं. ६ नको, ४ लाच निघा. इगतपुरीपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत समृद्धीने जा, कसारा घाट टळेल. पण पुढे भिवंडी-ठाण्यात किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. १० पर्यंत विमानतळावर असलेलं बरं. व्हीलचेअर तिकिटावरच नोंदवून घ्या, इमिग्रेशनला माणूस सोबत राहतो.

गोळीचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, हे वेळापत्रक कागदावर मांडून दाखवा. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. जागा कडेची घ्या, म्हणजे तासा-दोन तासांनी उठून चार पावलं चालता येईल. सासूबाईंना आम्ही असंच पाठवलं होतं.

धागाकर्ता

खूप आभार ताई. १७ ला दुपारी ४ पक्के, गाडीवाल्याला आत्ताच कळवलं. डॉक्टरांकडे उद्या जातोय. आईच्या मनगटावरचं घड्याळ भारताच्याच वेळेवर ठेवणार आहे, गोळीसाठी. विमानाला प्रत्यक्षात किती तास लागतात, ते कोणी सांगू शकलं तर अजूनही हवं आहे.