जुन्या तेलाचं बायोडिझेल धुताना ताकासारखं झालं, थर वेगळे होत नाहीत

चोपडा_मळा
राम राम मंडळी. विहिरीवरच्या 5 एचपी इंजिनासाठी 10 लिटर जुन्या तेलाचं बायोडिझेल करून पाहिलं. अर्धं तेल भज्यांच्या गाडीवरचं, अर्धं केळी वेफर्सच्या कढईतलं. फडक्यातून गाळलं, 55 अंशाला तापवलं, 2 लिटर मिथेनॉलमध्ये 35 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून ओतला, तासभर ढवळलं. सकाळी तळाशी ग्लिसरीन जेमतेम बोटभर. वरचं काढून बोअरच्या पाण्याने धुतलं तर सगळं पांढरं. दोन दिवस झाले, तसंच आहे. हे वाचेल का? चुकलं कुठे?

तेलघाणी
भाऊ, लिटरला 3.5 ग्रॅम हा हिशेब ताज्या तेलाचा. तळून तळून तेलात आम्ल वाढतं. ते आधी कॉस्टिक खातं आणि त्याचा साबण करतं. मग मूळ कामाला कॉस्टिक उरत नाही, अर्धवट तेल तसंच राहतं. साबण आणि अर्धवट तेल एकत्र आले की पाणी घातल्यावर ताक होणारच. ग्लिसरीन कमी पडलं तेव्हाच हे कळायला हवं होतं: 10 लिटर तेलाला दीड-दोन लिटर गडद थर बसतो. तसा बसला नसेल तर धुवायला घ्यायचंच नाही.

पुढच्या वेळी आधी आम्ल मोजा. 1 लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये तुमच्याच डब्यातला 1 ग्रॅम कॉस्टिक विरघळवा. लहान ग्लासात 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, त्यात हळदीच्या अर्काचे चार थेंब. अल्कोहोलला स्वतःचं थोडं आम्ल असतं, म्हणून ते लालसर होईपर्यंत आधी एक-दोन थेंब द्रावण टाका. मग 1 मिली तेल घाला, रंग परत पिवळा होईल. आता सिरिंजने द्रावण थेंब थेंब सोडत हलवत राहा. लाल रंग पंधरा सेकंद टिकला की थांबा. जितके मिली लागले तितके ग्रॅम जास्त, दर लिटरला. समजा 2.5 मिली लागले, तर 3.5 + 2.5 = 6, म्हणजे 10 लिटरला 60 ग्रॅम. चाचणीत लागलेले मिली 5 च्या वर गेले तर ते तेल एकटं वापरू नका, चांगल्या तेलात मिसळून पुन्हा मोजा.

दुसरं, पाणी. भज्यांच्या तेलात ओल असतेच. 110 अंशापर्यंत तापवून तडतड पूर्ण थांबू द्या, मग 55 ला उतरवा. कॉस्टिकचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला तर तोही ओल धरतो.

डिझेल_मिस्त्री_भुसावळ
हातातला माल वाचेल. 55 अंशाला गरम करा, लिटरभर गरम पाण्यात दोन मुठी मीठ विरघळवून हळू ओता, ढवळू नका, रात्रभर ठेवा. व्हिनेगरनेही फुटतं, पण साबणाचं आम्ल परत इंधनात जातं आणि ते इंजिनाच्या डिझेल पंपाला वाईट. म्हणून आधी मीठच.

वरचं वेगळं झालं की तळचं मिठाचं पाणी काढून टाका, साध्या पाण्याने एकदा हलकं धुवा, पसरट स्टीलच्या भांड्यात उन्हात दिवसभर ठेवून सुकवा. मग चाचणी: 27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली माल घालून हलवा. तळाशी तेल बसलं तर काम अर्धवट. ही चाचणी 20-22 अंशाला करायची. आपल्याकडे मेमध्ये 43-44 अंशात मिथेनॉल जास्त तेल विरघळवतं आणि कच्चा माल पास होतो. बाटली माठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा.

नापास झाला तर लिटरला 100 मिली मिथेनॉल आणि 1.5 ग्रॅम कॉस्टिक घेऊन 55 अंशाला पुन्हा तासभर. धुताना बोअरचं जड पाणी नको, त्यातला कॅल्शियम साबणाला धरून दह्यासारखे कण करतो. पावसाचं किंवा आरओचं घ्या, पहिलं धुणं फवाऱ्याने.

सातपुडा_७
मिथेनॉलबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. महाराष्ट्रात ते विषारी पदार्थांच्या नियमात येतं, खरेदी-साठ्याला परवाना लागतो. वाफ आणि घोट दोन्हींनी डोळे जातात, आणि दिवसा त्याची ज्वाला दिसत नाही. चुलीवर किंवा गॅसवर मिथेनॉल घातलेलं भांडं कधीच नाही. तेल आधी तापवा, आग विझवा, मग मिसळा. ड्रिल मशीनने ढवळू नका, त्याच्या ब्रशची ठिणगी पुरते. कॉस्टिक-मिथेनॉल झाकणाच्या जाड एचडीपीई (टणक प्लास्टिक) कॅनमध्येच. ॲल्युमिनियमचं पातेलं नको, कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो.

चोपडा_मळा
मिठाने फुटलं! खाली पांढरं पाणी, वर पिवळसर. चाचणीत थोडं तेल बसलं, उद्या पुन्हा प्रक्रिया करतो. इंजिनात सरळ टाकू का?

डिझेल_मिस्त्री_भुसावळ
नाही. पहिल्यांदा 20 टक्के बायोडिझेल, बाकी डिझेल. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून आठवड्यात फिल्टर बदलावा लागेल. साधे रबरी पाइप फुगतात, व्हिटॉनचे (इंधनाने न फुगणाऱ्या रबराचे) घ्या. पितळी-तांब्याच्या टाकीत साठवू नका. आणि वेफर्सचं तेल बहुतेक पामतेल असतं, त्याचं बायोडिझेल 13-16 अंशालाच गढूळ होतं. पौषातल्या थंडीत पहाटे फिल्टर बुजेल. ते उन्हाळ्यात संपवा, हिवाळ्यासाठी सोयाबीनचं ठेवा.